पिवळ्या गुलाबाची वाट

आईच्या स्वयंपाकघरात फडताळाशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, कुणाचं बारसं, कुणाचं वर्षश्राद्ध, या नोंदी सगळ्यांच्याच कालनिर्णयावर असतात. आईच्या कालनिर्णयावर फुलंही असतात. ‘अनंत, पहिलं.’ ‘सुरंगी फुटली.’ ‘प्राजक्त अंगणभर.’ ‘केवडा नाही.’ तिथीच्या खाली चौकोनात जेवढी जागा उरते तेवढ्यात बॉलपेननं बारीक अक्षरात लिहिलेलं. जुनी कालनिर्णयं ती रद्दीत घालत नाही. वर्ष संपलं की सुतळीनं बांधून माळ्यावर टाकते. आमचं घर वेंगुर्ल्याजवळ. तिथल्या पावसात माळ्यावरच्या कागदाचं काय होतं ते कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. तरी ती ठेवते.

हे कशासाठी, असं मी तिला कधी विचारलं नाही. आईच्या सवयी आपल्याला भिंतीसारख्या वाटतात, त्या असतातच. मग तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, नेदरलँड्समधल्या हेग शहरात, चारशे वर्षांपूर्वी रंगवलेल्या एका फुलदाणीसमोर मी उभी होते आणि मला एकदम आमचं फडताळ आठवलं.

माझी मुलगी तेव्हा डेल्फ्टला शिकत होती. तिच्याकडे गेले होते. डेल्फ्टहून हेगला आगगाडीनं पंधरा मिनिटंही लागत नाहीत. बाहेर पाऊस, आमच्याकडच्यासारखा कोसळणारा नाही, कुणीतरी वरून चाळणीनं चाळावा तसा. आम्ही माउरित्सहाउसमध्ये शिरलो. हे संग्रहालय एखाद्या श्रीमंत माणसाच्या घराएवढंच आहे, कारण ते मुळात घरच होतं. व्हर्मीरच्या ‘मोत्याच्या डुलाची मुलगी’ या प्रसिद्ध चित्रासमोर गर्दी होती. माझी मुलगी त्या गर्दीत घुसली, आणि मी फुलांच्या चित्रांपाशी थांबले.

पहिलं चित्र अम्ब्रोसियस बोसखार्टचं, १६१८ च्या सुमाराचं. लाकडी फळीवर तैलरंग, उंची ६४ सेंटिमीटर, रुंदी ४६. दगडी कमानीच्या खिडकीत काचेचा पेला, त्यात गच्च फुलं, मागे दूरवर निळसर होत गेलेला मोकळा प्रदेश. फुलं एकमेकांना झाकत नाहीत. शाळेच्या फोटोत उंच मुलं मागे आणि बुटकी पुढे बसवतात ना, तशी प्रत्येकाचा चेहरा दिसेल अशी बसवलेली. ट्युलिप, आयरिस, गुलाब. खाली कठड्यावर दोन शिंपले आहेत, आणि ते युरोपच्या किनाऱ्यावरचे नाहीत, पूर्वेच्या समुद्रातून जहाजानं आलेले आहेत. पानांना किड्यांनी भोकं पाडलेली आहेत आणि चित्रकारानं त्या भोकांवरही तेवढीच मेहनत घेतलेली आहे.

मुलगी परत आली तेव्हा मी बोटांवर मोजत होते. तिनं विचारलं, काय चाललंय? म्हटलं, ट्युलिप इथे कधी फुलतात? म्हणाली, आत्ता, एप्रिलमध्ये, मेच्या मध्यापर्यंत. आणि गुलाब? जूननंतर. मग हे दोघं एका पेल्यात कसे?

आईची मुलगी असल्यामुळे मला हा प्रश्न पडला, एरवी पडला नसता. आईनं प्राजक्त आणि सुरंगी एका परडीत पाहिले असते तर तिनं चित्राचं कौतुक करायच्या आधी विचारलं असतं, ह्या खंयचा?

हा पुष्पगुच्छ कुठल्याच टेबलावर कधी उभा नव्हता. ट्युलिप वसंतातला, गुलाब उन्हाळ्यातला. ज्या दिवशी एक होतं त्या दिवशी दुसरं नव्हतं. बोसखार्टकडे एकेका फुलाच्या अभ्यासरेखाटनांचा साठा असे. त्यातली फुलं तो चित्रांत पुन्हा पुन्हा वापरी, म्हणून त्याच्या निरनिराळ्या चित्रांत तेच फूल, त्याच वळणाच्या देठासकट, परत भेटतं. मूळचा तो अँटवर्पचा. प्रोटेस्टंट कुटुंब असल्यामुळे शहर सोडावं लागलं, आणि ते मिडलबर्ग बंदरात आले. तीन मुलगे फुलांचे चित्रकार झाले. मेहुणा बाल्थाझार फान डर आस्ट बोसखार्टच्याच घरी शिकला. १६२१ साली बोसखार्ट एक फुलांचं चित्र पोचवायला याच हेगमध्ये आला आणि इथेच वारला. त्या चित्राचे त्याला १००० गिल्डर, म्हणजे तेव्हाची डच नाणी, मिळणार होते.

फुलं गेल्यावर ती ठेवायला अशी एक पेटी असावी, म्हणजे पुढच्या वर्षीपर्यंत निभतं. बोसखार्टची पेटी रेखाटनांची होती.

सगळेच असं करत नव्हते. थोरला यान ब्रूगेल, अँटवर्पमध्ये राहणारा, १६०६ मध्ये मिलानच्या कार्डिनल फेडेरिको बोरोमेओसाठी फुलांचं चित्र रंगवत होता. त्यानं कार्डिनलला पत्रानं कळवलं की फुलं सगळी प्रत्यक्ष समोर ठेवून काढली आहेत, आणि अँटवर्पमध्ये जी मिळत नाहीत ती बघायला ब्रसेल्सला जाऊन आलो. फूल उमललं की चित्रकार फुलाकडे जाणार, फूल चित्रकाराकडे येणार नाही. आणि कार्डिनल? त्यानं लिहून ठेवलंय की हिवाळ्यात बाहेर सगळं बर्फानं गोठलेलं असतं तेव्हा तो या रंगवलेल्या फुलांकडे बघतो आणि त्यांचा वास मनानं घेतो. मला हा कार्डिनल फार आवडतो. चर्चच्या मोठ्या पदावरचा माणूस, जानेवारीत, न येणारा वास घेत बसलेला.

या परंपरेतली सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र यान फान हौसुमची. हा शंभर वर्षांनंतरचा, अठराव्या शतकातला. १७४२ च्या जुलैमध्ये त्यानं आपल्या गिऱ्हाइकाच्या मध्यस्थाला कळवलं की गेल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र पुरं झालं नाही, नाहीतर केव्हाच झालं असतं. एका गुलाबासाठी अख्खं वर्ष. कॅनव्हासवर तेवढी जागा रिकामी, आणि चित्रकार पुढच्या जूनची वाट बघतोय. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं मातीच्या कुंडीतल्या फुलांचं एक चित्र आहे, त्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन वर्षं घातलेली आहेत. चित्रावर सहीबरोबर दोन सालं! आमच्याकडे दिवाळी अंक एका महिन्यात उरकतात.

अशा चित्रांवर वाचायला गेलं की एकच अर्थ पहिल्यांदा पुढे येतो. आयुष्य क्षणभंगुर आहे, फूल आज आहे उद्या नाही, अहंकार करू नका. कवटी, विझती मेणबत्ती, वाळूचं घड्याळ यांच्या चित्रांत तो अर्थ उघडच आहे, आणि फुलांच्या चित्रांतही तो असतो. पण मला हा अर्थ घाईचा वाटतो. फूल कोमेजतं हे आपल्याला चित्रातून कळायची गरज नाही. आईची सकाळ कालची फुलं देवावरून उतरवण्यानं सुरू होते. निर्माल्य वेगळ्या परडीत, मग तुळशीच्या नाहीतर माडाच्या मुळाशी. त्यात उपदेश काही नसतो, केर काढण्यासारखं काम असतं ते. हॉलंडच्या बायकांनाही फुलदाणीतलं कुजकं पाणी ओतताना तेवढं कळत असणारच. त्यासाठी १००० गिल्डर कोण देईल?

मला त्या चित्रांत कोमेजण्यापेक्षा वाट बघणं जास्त दिसतं. एका पेल्यात एक अख्खं वर्ष भरलंय, आणि ते वर्ष कुणीतरी फुलाफुलानं थांबत काढलंय. बोसखार्टच्या चित्रासमोर मला फडताळ आठवलं ते यासाठी.

ट्युलिपबद्दल एक सांगून पुढे जाते, कारण ट्युलिप म्हटलं की सगळ्यांना १६३७ च्या फेब्रुवारीत कोसळलेला त्याच्या कंदांचा बाजार आठवतो. तुर्कस्तानातून आलेलं हे फूल १५९० च्या दशकात लायडनच्या बागेत लागलं, आणि पुढे त्यातल्या ज्या फुलांवर पांढऱ्यावर लाल अशा ज्वाळा उठत त्यांना वेड्यासारखी किंमत आली. त्या ज्वाळा कुठल्या कंदातून कधी येतील ते कुणालाच कळेना. १९२८ मध्ये डोरोथी केली या ब्रिटिश संशोधिकेनं दाखवलं की तो विषाणूचा रोग आहे. मावा हा किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. मिरचीवर, वालावर पडतो तोच मावा. सगळ्यात महाग फूल आजारी होतं, आणि चित्रकारांनी त्याचा आजार रेषेरेषेनं इतका नेमका काढून ठेवला की आज तो चित्रावरूनही ओळखता येतो.

त्याच संग्रहालयात विलेम फान आल्स्टचं १६६३ चं चित्र आहे. बोसखार्टनंतर पंचेचाळीस वर्षांनी फुलं मोकळी झाली. शाळेचा फोटो मोडला. गुच्छ एका अंगाला कलला, काही फुलं उजेडात आली, काही अंधारात गेली, एखाद्यानं सरळ आपल्याकडे पाठ केली. आणि खाली संगमरवराच्या कडेवर एक उघडं खिशातलं घड्याळ आहे, त्याची निळी फीत काठावरून खाली लोंबते आहे. त्या फितीवरची चुणी मी किती वेळ बघत होते. रेशमाला एकदा घडी पडली की ती पुरती जात नाही, फीत खाली सोडली तरी घडीच्या जागी उजेड वेगळा पडतो. चित्रकारानं तेवढाच उजेड पकडलाय.

या फान आल्स्टकडे १६७९ मध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी शिकायला आली. राखेल रौस. तिच्याबद्दल मी तेव्हा काही जाणत नव्हते. हेगमधल्या तिच्या चित्राखालच्या पाटीवर १७०० हे साल होतं आणि बाईचं नाव होतं, म्हणून थांबले. आता मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचते.

तिचे वडील फ्रेडरिक रौस अ‍ॅमस्टरडॅमचे शरीररचनाशास्त्रज्ञ आणि १६८५ पासून तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्राध्यापक. घरातच त्यांचा संग्रह. मृत शरीरं आणि अवयव न कुजता टिकवायची त्यांची स्वतःची युक्ती होती आणि ती त्यांनी गुपित ठेवली होती. बरण्यांतल्या बाळांच्या हातांना लेसच्या बाह्या घातलेल्या, लहान सांगाडे उभे करून मांडलेले देखावे. बघायला लोक लांबून येत. रशियाच्या पीटर झारनं १७१७ मध्ये तो सगळा संग्रह ३०,००० गिल्डरना विकत घेतला. बराचसा आज सेंट पीटर्सबर्गला आहे. राखेल अशा घरात वाढली. टिकवणं म्हणजे काय ते तिला लहानपणापासून बरण्यांत दिसत होतं. वडिलांकडे अर्क होता, तिनं तेल आणि रंग घेतले.

याच शहरात तेव्हा मारिया सिबिला मेरियान राहत होती. सुरवंटापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास ज्या झाडावर होतो त्या झाडासकट रंगवणारी, आणि १६९९ मध्ये बावन्नाव्या वर्षी मुलीला घेऊन जहाजानं सुरिनामला गेलेली. तिनं फ्रेडरिक रौस यांचा संग्रह पाहिला होता. अशा दोन बाया एका गावात, एकाच काळात. मला ते गाव तेवढ्यासाठी बघायचं होतं, आणि बघितलं.

राखेलचं लग्न १६९३ मध्ये युरियान पोल या व्यक्तिचित्रकाराशी झालं. दहा मुलं झाली. शेवटचं मूल १७११ मध्ये, ती सत्तेचाळीस वर्षांची असताना. आणि या सगळ्यात ती रंगवत राहिली. १७०१ मध्ये हेगच्या चित्रकारांच्या संघात तिला घेतलं, त्या संघातली ती पहिली बाई. १७०८ मध्ये डुसेलडॉर्फच्या योहान विल्हेल्म या राजाची ती दरबारी चित्रकार झाली. दरबारात जाऊन राहायची अट नव्हती. अ‍ॅमस्टरडॅमला राहायचं आणि चित्र पाठवायचं. शेवटच्या मुलाचं नाव त्याच राजावरून ठेवलं. तिच्या एकेका चित्राला ७५० ते १२०० गिल्डर मिळत. त्या काळाच्या मानानं ही फार मोठी किंमत होती, आणि ती तिच्या हयातीत मिळत होती.

तिची चित्रं बोसखार्टसारखी मांडलेली वाटत नाहीत. गडद पार्श्वभूमी, मधोमध उजेडात फिकी फुलं, आणि तिथून कडेकडे जाताना रंग खोल होत होत अंधारात विरतात. देठ वाकतात. एखादं जड फूल मान टाकतं, ते तसंच टाकू देते. माशी, मधमाशी, नाकतोडा आपापल्या कामात असतात. त्यांना आपण बघतोय याची फिकीर नसते. तिच्या एका पानाची खालची बाजू मी जवळ जाऊन बघितली, सुरक्षारक्षक पुढे येईपर्यंत. वरची बाजू हिरवी, खालची राखट, आणि शिरा खालून उठलेल्या. पान कधी हातात घेऊन उलटं केल्याशिवाय हे काढता येत नाही.

इथे आमच्या किनाऱ्याचा एक धागा आहे, आणि तो मला फार उशिरा सापडला.

वेंगुर्ल्यात डच वखार आहे. आता पडकी, भिंतींतून झाडं आलेली. लहानपणी तिथून जाताना आम्ही ‘डचांची वखार’ म्हणायचो आणि डच म्हणजे कोण ते कुणी विचारायचं नाही. सतराव्या शतकात त्यांची जहाजं या किनाऱ्यानं कोचीपर्यंत जात. कोचीला हेंड्रिक फान रेडे हा त्यांचा अधिकारी होता. त्यानं मलबारच्या वनस्पतींचा एक प्रचंड सचित्र ग्रंथ करवून घेतला, ‘हॉर्टस मलाबारिकस’. बारा खंड, १६७८ ते १६९३, छपाई अ‍ॅमस्टरडॅमला. झाडांची माहिती देणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युदन होते, आणि तीन कोकणी वैद्य होते. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून कोचीला गेलेल्या समाजातले हे लोक. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला त्यांचं प्रमाणपत्र छापलेलं आहे, कोकणी भाषेत, नागरी लिपीत. आतल्या चित्रांवरही झाडांची नावं इतर लिप्यांबरोबर नागरीत कोरलेली आहेत.

त्या पानाचं छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्मा काढून पुसला. साडेतीनशे वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅमच्या छापखान्यात नागरी अक्षरं. तांब्याच्या पत्र्यावर ती कोरणाऱ्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नसणार. वळणं त्यानं फुलाच्या देठासारखी नकलली असणार.

त्या ग्रंथावर टिपा लिहिणाऱ्यांत यान कॉमेलिन होता, अ‍ॅमस्टरडॅमच्या नव्या वनस्पती उद्यानाच्या संस्थापकांपैकी एक. त्याच बागेतल्या दूरदेशीच्या झाडांवर त्यानं एक ग्रंथ सिद्ध केला, पण छापून होण्याआधी १६९२ मध्ये तो गेला. पाच वर्षांनी ग्रंथ निघाला तेव्हा तो ज्या दोघांनी छापण्याजोगा केला त्यांतले एक फ्रेडरिक रौस, राखेलचे वडील. गोव्यातून उठून गेलेल्या वैद्यांनी ओळखून दिलेली झाडं, त्यावर टिपा लिहिणारा माणूस, आणि त्या माणसाचे कागद हाताळणारे राखेलचे वडील. पुढे राखेलच्या चित्रांत निवडुंगासारखी, युरोपच्या मातीत न उगवणारी, काचघरात जोपासलेली फुलंही दिसतात. काचघरात एखादा निवडुंग फुलला की निरोप जात असेल, आणि ती पोरांना कुणाच्या तरी ओटीत टाकून धावत असेल, असं माझ्या डोळ्यांपुढे येतं.

मी स्वतः एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या. महाराष्ट्रातल्या शाळेत गेलेल्यांना ते तुकतुकीत टोक केलेले पेन्सिलींचे संच आठवतील. निसर्गचित्राला आमच्या बाकावर जास्वंदाची फांदी आली होती. मी पानं आधी काढली, फूल शेवटी काढू म्हटलं, आणि फुलाकडे वळले तोवर ते मिटून लाल वातीसारखं झालेलं. मी वात काढली. पेपर तपासणाऱ्यांना काय वाटलं कोण जाणे, ग्रेड बी आली. पुढे कॉलेजात चित्रकला घ्यायची म्हटलं तर शिकवणाऱ्या एका सरांनी माझी वही चाळून परत दिली. म्हणाले, फुलं काय, रांगोळीतही असतात. माणूस काढ. मी वाणिज्य शाखेला गेले.

ते सर वाईट नव्हते. त्यांनी शिकलेलंच सांगितलं. १६६७ मध्ये आंद्रे फेलिबियाँ या फ्रेंच माणसानं चित्रांची उतरंड लिहून ठेवली. सगळ्यात वर इतिहास-पुराणातली माणसं, सगळ्यात खाली फळं, फुलं, शिंपले. वरच्या पायरीसाठी नग्न मॉडेल समोर ठेवून शरीर शिकावं लागे, आणि तिथे बायांना प्रवेश नव्हता. बायांना फुलं उरली. मग बाया फुलं काढतात म्हणून फुलं हलकी, असं उलटं गणित झालं. राखेल रौस वारली त्याच वर्षी, १७५० मध्ये, तिच्यावर अकरा कवींनी केलेल्या स्तुतिकवितांचं पुस्तक निघालं होतं. नंतरच्या काळात ती तळटिपांत गेली. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं आपल्या मानाच्या दालनात बायकांची चित्रं कायमची लावली ती २०२१ च्या ८ मार्चला. तीन चित्रं, त्यातलं एक तिचं. तिचं पहिलं मोठं स्वतंत्र प्रदर्शन २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये म्युनिकला भरलं. पावणेतीनशे वर्षांनी. याचा मला राग येतो, आणि तो राग मी कमी करून सांगणार नाही.

म्हातारपणी ती सहीबरोबर स्वतःचं वय लिहू लागली. शेवटच्या चित्रांवर १७४७ हे साल आहे आणि वय ८३.

घरी परतल्यावर मी हे आईला सांगितलं. ती नारळ खवत होती. तिचं स्वतःचं वय तेव्हा ८१. राजाचं, गिल्डरचं, दहा मुलांचं तिनं ऐकून घेतलं. त्र्याऐंशीव्या वर्षी फुलं काढली म्हटल्यावर खवणीवरचा हात थांबला.

“डोळे बरे होते काय गो तिचे?”

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यातल्या डाव्याचं नीट झालं नाही. कालनिर्णयावरचं तिचं अक्षर मोठं होत चाललंय. सोमवारचा अनंत आता मंगळवारात जातो.

त्याच वर्षी माळ्यावरून सुतळीचे गठ्ठे खाली काढले. निम्मे वाळवीनं खाल्लेले. उरलेल्यांतून मी एक कोष्टक केलं, कुठलं फूल कुठल्या पंधरवड्यात. मग मोठ्या हँडमेड कागदावर पेन्सिलनं आमच्या घरचा पितळेचा तांब्या काढला आणि ठरवलं की यात आईच्या कालनिर्णयावरचं प्रत्येक फूल जाईल, पण ज्याच्या त्याच्या दिवशी, समोर ठेवून. पेटीतलं काही वापरायचं नाही. ब्रूगेलसारखं.

मी पुण्यात राहते. त्यामुळे यातली निम्मी फुलं म्हणजे रात्रीची गाडी आणि सकाळी कुडाळ. सुरंगीसाठी मार्चमध्ये दोनदा गेले. सुरंगी फांदीलाच लगडते, गुच्छ लागतात, आणि वळेसर, म्हणजे गजरे, करायचे तर कळी उमलायच्या आधी काढावी लागते. उमललं की आतला पिवळा पुंजका बाहेर येतो आणि मधमाश्या तुटून पडतात. मला उमललेलं हवं होतं, गड्याला कळी काढायची सवय. माश्यांसकट एक डहाळी मिळाली. त्यातली एक माशी मी काढली आहे, राखेलच्या आठवणीनं.

प्राजक्तानं सगळ्यात रडवलं. पहाटे वेचलेलं फूल ताटलीत पाणी घालून ठेवलं तरी आठच्या सुमाराला पाकळीच्या कडा तेलकट कागदासारख्या आरपार होतात. नऊला देठाचं केशरी पाण्यात उतरतं. एका सकाळी जेमतेम एक फूल होतं. तांब्याच्या पायाशी मला पाच पडलेली फुलं हवी होती, त्याला पाच पहाटा लागल्या. अनंत दोन दिवस टिकतो पण दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो. ते पिवळं मला पांढऱ्यापेक्षा आवडलं, म्हणून दुसऱ्या दिवशीचाच काढला. झेंडू, शेवंती, अबोली यांनी त्रास दिला नाही.

उजव्या बाजूला वर केवड्याची जागा होती. भाद्रपदात कालनिर्णयावर ‘केवडा नाही’. पुढच्या भाद्रपदात आमच्या बनातला केवडा उंदरांनी खाल्ला. बाजारात केवडा मिळत होता, कुणीतरी म्हणालंही, विकत आण आणि काढ. पण तो आईच्या चौकोनातला नव्हता. मी जागा सोडून दिली. घरी येणारा प्रत्येक माणूस त्या कोऱ्या तुकड्यावर बोट ठेवून विचारायचा, इथे काय? मी त्यांना पिवळ्या गुलाबाची गोष्ट सांगायची.

या वर्षी गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला. आई फोनवर पाल्हाळ लावत नाही.

“केवडो इलो. येतलंस तर आताच ये.”

रात्रीच्या गाडीत आरक्षण मिळालं नाही. बसनं गेले. रंगांची पेटी मांडीवर, कागद गुंडाळून पीव्हीसी पाइपात. पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. गडी कोयता धुऊन बसला होता. कणीस कापून ओल्या फडक्यात ठेवलेलं, आणि माजघरभर वास. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर कालनिर्णयावर ‘केवडा’ लिहिलेलं, इतकं मोठं की ‘के’ शुक्रवारात आणि ‘डा’ शनिवारात.

पडवीत उजेडाला बसले. केवड्याची पाती बाहेरून हिरवी, आत जाताना पिवळी, आणि अगदी गाभ्यात साईच्या रंगाची. ती एकमेकांत घट्ट मिटलेली असतात, कडांना करवतीसारखे काटे. आतला रंग दिसायला एक पात मागे ओढून धरावी लागते, आणि सोडली की ती परत मिटते. डाव्या हातानं पात आणि उजव्यानं ब्रश, मला जमेना. दोनदा काटा लागला.

आई पाट घेऊन शेजारी येऊन बसली. तिला कागदावरचं फारसं दिसत नव्हतं हे मला माहीत आहे. तिनं हातानं चाचपून पात शोधली, काट्यांच्या उलट्या बाजूनं बोट घातलं आणि ती उजेडाकडे मागे ओढली.

“मी धरतंय. तू काढ.”

मी पिवळा रंग पाण्यात कालवायला घेतला.